माइट गेले, नोंद राहिली : ॲलर्जी फुप्फुसाच्या पेशींत काय लिहून ठेवते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नऊ वर्षांचा. चिपळूणला असताना चौथ्या वर्षी दमा निघाला, तपासणीत धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवाची ॲलर्जी सापडली. दोन वर्षांपूर्वी कुटुंब पुण्यात, महामार्गाच्या बाह्यवळणाजवळ राहायला आलं. हवा कोरडी, फ्लॅट नवा, फरशी रोज पुसली जाते. पहिले काही महिने छान गेले म्हणून पंप बंद केला. आता ट्रकचा धूर नाकात गेला की ढास लागते आणि रात्री छाती घरघरते. वडील विचारतात : ॲलर्जीने जनुकं बदलतात असं वाचलं, ते खरं का? बदलली असतील तर पूर्ववत होतील का? पुढे त्याच्या मुलांकडे जातील का? आणि रक्ताची एक महागडी ‘एपिजेनेटिक तपासणी’ कुणीतरी सुचवली आहे, ती करावी का?

मी पंचवीस वर्षं छातीचे रुग्ण पाहतो आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत सोपं, म्हणून ते आधी देतो : करू नका. कारण ओघात येईलच.

आता पहिला प्रश्न. मुलाची जनुकं होती तशीच आहेत, त्यांच्यावरच्या नोंदी बदलल्या असण्याची शक्यता आहे. हा फरक मी रुग्णांना सातबाऱ्यावरून समजावतो, कारण तो आपल्याकडे सगळ्यांनी कधी ना कधी हाताळलेला असतो. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला की व्यवहार अडतो. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. दाखला घेऊन तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. डीएनए ही जमीन. तिच्यातल्या ‘सी’ या अक्षरावर, बहुतेक वेळा त्याच्या पुढचं अक्षर ‘जी’ असेल तिथे, मिथाइल नावाचा अगदी छोटा रासायनिक गट चिकटतो. अशा जागा माणसाच्या जनुकसंचात सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. जनुकाच्या सुरुवातीपाशी हे मिथाइल दाटले की ते जनुक सहसा गप्प बसतं, विरळ झाले की बोलायला मोकळं होतं. (महसूल खात्याच्या इंग्रजीत फेरफार नोंदीला म्युटेशन म्हणतात. आमच्या शास्त्रात म्युटेशन म्हणजे खुद्द जमिनीतच बदल. त्यामुळे या उपमेत शब्द उलटे पडतात, तेवढं सांभाळून घ्या.)

नोंदीचा दुसरा प्रकार गुंडाळीचा. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर १४७ अक्षरं. हिस्टोनला ॲसिटिल गट लागला की दोरा सैलावतो आणि तिथलं जनुक वाचता येतं, गट निघाला की दोरा आवळला जातो. हे गट काढून टाकणाऱ्या एन्झाइमांपैकी एकाचं नाव एचडॅक-२. ते लक्षात ठेवा, तुमच्या मुलाच्या पंपाशी त्याचा थेट संबंध आहे. जनुकांवरच्या अशा नोंदींच्या शास्त्राला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला, तेव्हा यातलं काहीच कुणाला दिसलेलं नव्हतं.

माइट नोंद बदलतो म्हणजे नेमकं काय करतो? हा जेमतेम ०.३ मिलिमीटरचा, आठ पायांचा, कोळ्याच्या दूरच्या गोतावळ्यातला प्राणी. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो, म्हणून कोकणातला पावसाळा त्याला मानवतो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे मुख्यतः तोच आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या लेंड्यांचा. त्यांतलं ‘डर पी १’ हे प्रथिन मुळात माइटचं अन्न पचवणारं एन्झाइम आहे. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना ज्या टाक्यांनी शिवलेल्या असतात, ते टाके ते उसवतं. ‘डर पी २’ची लबाडी वेगळी. जिवाणूंची चाहूल घेणारी जी यंत्रणा आपल्या शरीरात आहे, तिच्यातल्या एका प्रथिनाची ते नक्कल करतं. जंतू औषधालाही नसतो, पण घंटा वाजते.

घंटा वाजली की अस्तरातल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ असे इशारे सोडतात. ते पोचतात रोगप्रतिकारक पेशींपर्यंत, आणि ज्या टी पेशीने अजून कुठलीच बाजू घेतलेली नाही तिला ॲलर्जीच्या बाजूला, म्हणजे टीएच-२ होण्याकडे, ढकललं जातं. पहिली ठळक नोंद इथे होते. आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ ही ॲलर्जीची तीन मुख्य जनुकं पाचव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. गाटा-३ नावाचं प्रथिन तिथली गुंडाळी सैल करवतं. त्याच वेळी पेशीला दुसऱ्या वाटेने नेऊ शकलं असतं त्या इंटरफेरॉन-गॅमाच्या जनुकावर मिथाइल चढतात. एक दार उघडलं, दुसऱ्याला कडी लागली. पुढे ही पेशी दुभंगते तेव्हा डीएनएमटी-१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरच्या मिथाइल खुणा नव्या धाग्यावर उतरवून घेतं. त्यामुळे लेकीला आणि नातीलाही तोच सातबारा मिळतो. यांतल्या काही पेशी रक्तात भटकत नाहीत, फुप्फुसातच तळ ठोकतात. मधल्या काळात माइटशी गाठ पडली नाही तरी त्या तिथेच असतात, आणि तो पुन्हा आला की ओळख पटायला वेळ लागत नाही.

दुसरी जागा अस्तराची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आयएल-१३ जनुकापासून बनणारं त्याच नावाचं प्रथिन सतत पाझरत राहिलं की अस्तरात चिकट कफ बनवणाऱ्या पेशी वाढतात. पण हे वरचं अस्तर काही कायमचं नसतं, पेशी गळतात आणि नव्या येतात. मग कारण दूर झाल्यावरही त्रास का उरतो? याचं एक सुंदर उत्तर बॉस्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दिलं. त्यांनी ॲलर्जीच्या प्रकारची सूज असलेल्या लोकांच्या नाकातल्या पॉलिपमधून, म्हणजे सुजेने वाढलेल्या मऊ गाठींतून, तळाच्या पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून वरचं अस्तर पुन्हा पुन्हा तयार होतं त्या पेशी, काढल्या. शरीराबाहेर बशीत त्या वाढवल्या, तिथे ना ॲलर्जन (ॲलर्जी घडवणारा पदार्थ) ना सूज. तरीही त्या पेशी आयएल-४ आणि आयएल-१३ समोर असल्यासारख्याच वागत होत्या. वरचं पीक कापलं तरी बियाणं तेच होतं. संशोधन नाकावरचं आहे, पण नाक आणि श्वासनलिका ही एकाच अस्तराची दोन टोकं आहेत, ॲलर्जीच्या बाबतीत तर फारच.

आता धूर. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला लगेच आठवला तो कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. माणसांवर असे प्रयोग फार कमी होतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. ॲलर्जी असलेले मूठभर स्वयंसेवक घेतले. त्यांना एका बंद खोलीत दोन तास बसवून एकदा गाळलेली स्वच्छ हवा दिली आणि एकदा विरळ केलेला डिझेलचा धूर. धुरातल्या बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम ठेवलं होतं. आपल्याकडची चोवीस तासांची कायदेशीर मर्यादा ६० आहे, म्हणजे तिच्या पाचपट. पण आपल्या शहरांतल्या थंडीतल्या सकाळी मापकाकडे पाहिलं तर हा आकडा काही परग्रहावरचा वाटणार नाही. नंतर श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून फुप्फुसाच्या एका भागात त्या व्यक्तीला बाधणारं ॲलर्जन सोडलं आणि दुसऱ्या भागात साधं सलाइन. ४८ तासांनी ब्रशने अस्तराच्या पेशी खरवडून काढल्या आणि डीएनएवरचे मिथाइल मोजले. सुमारे चार आठवड्यांनी हेच सगळं पुन्हा, फक्त हवा आणि धुराची अदलाबदल करून.

निकाल असा. एकटं ॲलर्जन, एकटा धूर किंवा दोन्ही एकाच दिवशी दिल्यावर ४८ तासांनी जे बदल दिसले ते अगदी थोड्या जागांवर, बोटांवर मोजण्याइतक्या. पण फुप्फुसाच्या ज्या भागाला आधी एक आणि साधारण चार आठवड्यांनी दुसरं मिळालं, तिथे ५००हून जास्त जागांवर बदल होते. आणि कुठल्या जागा बदलणार हे आधी काय आलं यावर ठरत होतं. ॲलर्जन आधी आणि धूर नंतर असेल तर एक यादी, उलटा क्रम असेल तर दुसरी.

मी हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी जुने रुग्ण डोळ्यांपुढे आले. ‘डॉक्टर, मला आधी फक्त धुळीचा त्रास होता, आता अगरबत्तीही सहन होत नाही’ असं सांगणारे. आम्ही त्यांना ‘श्वासनलिका संवेदनशील झाल्यात’ असं सांगून वेळ मारून नेत होतो. वाक्य खरं होतं, पण त्यातून कळत काहीच नव्हतं. चार आठवड्यांपूर्वीच्या एका भेटीची नोंद अस्तरात राहते आणि नंतर आलेल्या पाहुण्याचं स्वागत त्या नोंदीप्रमाणे होतं, एवढं तरी आता दाखवता येतं.

मात्र एवढ्यावरून उड्या मारू नका. ५०० जागांवर मिथाइल कमीजास्त झाले म्हणजे ५०० जनुकं बिघडली असं होत नाही, आणि बदल झाला म्हणजे धाप लागलीच पाहिजे असंही नाही. स्वयंसेवक थोडे होते, मोठी माणसं होती. उंदरांवरचे प्रयोग ढिगाने आहेत. माइटचा अर्क आठवडेच्या आठवडे नाकात घातला की त्यांच्या फुप्फुसांतले मिथाइल नक्की बदलतात. पण उंदराला आपसूक दमा होत नाही, तो आपण घडवतो. मला स्वतःला उंदरांच्या शंभर निबंधांपेक्षा व्हँकुव्हरचा एक जास्त बोलका वाटतो.

तुमच्या मुलाचं असंच झालंय का? चित्र जुळतं. पण मी तुम्हाला समोर बसवलं असतं तर एपिजेनेटिक्सच्या आधी एक प्रश्न विचारला असता : पुण्याला येताना गाद्या कुठल्या आणल्या? टेम्पोत सामानाबरोबर चिपळूणच्या कापसाच्या गाद्या आणि उश्या आल्या असतील, तर माइट आणि त्यांच्या लेंड्यांचा साठाही तुमच्याबरोबर आला. पुण्याच्या उन्हाळ्यात हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की माइट मरतात, लेंड्यांतलं प्रथिन मात्र तसंच राहतं. फरशी पुसून त्याला काही होत नाही, कारण मूल फरशीवर झोपत नाही. अशा घरात सातबाऱ्यावर रोज नवा बोजा चढत असतो, मग जुना उतरणार कसा?

पूर्ववत होतं का, याचं उत्तर म्हणूनच एका शब्दात देता येत नाही. मिथाइल काढणारी टेट नावाची एन्झाइमं शरीरात असतात, म्हणजे नोंद पुसण्याची सोय आहे. मिथाइल पुसणारी औषधंही आहेत, पण ती रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात. ती सरसकट साऱ्या गावाचे सातबारे पुसतात. दम्यासाठी त्यांचा विचारही नको.

उपयोगी आहे ते तुम्ही बंद केलेलं औषध. पंपातलं स्टिरॉइड पेशीत शिरल्यावर जे करतं त्यातला मोठा भाग गुंडाळीचाच आहे : सूज वाढवणाऱ्या, सैल झालेल्या जनुकांपाशी ते एचडॅक-२ला बोलावून आणतं आणि दोरा पुन्हा आवळून घेतं. हे काम रोज थोडं थोडं चालतं. श्वास मोकळा वाटतो तेव्हा ते चालू आहे म्हणूनच मोकळा वाटत असतो. ‘बरं वाटलं म्हणून बंद केला’ हे वाक्य मी आठवड्यात दहा वेळा ऐकतो. सवय लागेल ही भीती सोडा. डोस कमी करायचा असतो, पण तो नीट तीन महिने गेल्यावर, फुंकण्याची तपासणी पाहून, डॉक्टरांनी. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर हेही ऐका : धुराने एचडॅक-२ मंदावतं. ओढणाऱ्याला स्वतःला दमा असेल तर त्याच्यावर स्टिरॉइडचा पंप कमी चालतो, यामागचं हे एक कारण मानलं जातं.

इथे एक आडवाट. आपल्याकडे डेरिफायलिनच्या गोळीवर पिढ्या वाढल्या. तिच्यातलं थिओफायलिन अगदी कमी मात्रेत एचडॅक-२ला पुन्हा जागं करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं तेव्हा आम्ही बरेच जण खूश झालो होतो. स्वस्तातलं औषध आणि काम एवढं नेमकं! मग ब्रिटनमध्ये सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, १५००हून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला : स्टिरॉइडच्या पंपाला कमी मात्रेचं थिओफायलिन जोडून त्रास उसळण्याचं प्रमाण कमी झालं नाही. बशीत जे घडतं ते छातीत घडेलच असं नाही. एपिजेनेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीबाबत हे आठवा.

इम्युनोथेरपी, म्हणजे माइटचा अर्क जिभेखाली किंवा इंजेक्शनने वाढत्या मात्रेत देणं, हा विचार तुमच्या मुलासाठी पुढे जरूर करता येईल. तीन ते पाच वर्षं चालते आणि थांबवल्यावरही फायदा काही काळ टिकतो, हे तिचं वैशिष्ट्य. टिकतो याचाच अर्थ पेशींच्या स्मरणात काहीतरी हललेलं असतं. पण दमा ताब्यात नसताना ती सुरू करायची नसते. आधी पंप आणि गाद्या.

मुलाबाळांकडे जाईल का? फुप्फुसाच्या पेशीवरची नोंद शुक्रपेशीत जायला रस्ता नाही. शिवाय शुक्रपेशी आणि बीजांड तयार होताना एकदा आणि गर्भ धरल्यावर पुन्हा एकदा, बहुतेक मिथाइल पुसून पाटी कोरी केली जाते. दमा घराण्यात दिसतो तो मुख्यतः मूळ जनुकांमुळे आणि एकाच छपराखालच्या हवेमुळे. ज्याचा ठसा पोटातल्या बाळावर नक्की उमटतो ते म्हणजे आईचं धूम्रपान : नाळेच्या रक्तात एएचआरआर या जनुकापाशी तो स्पष्ट दिसतो. ॲलर्जनबाबत तेवढा ठाम पुरावा माणसांत नाही. उलट २०१८ मध्ये युरोपातल्या अनेक अभ्यासांतल्या मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दम्याशी निगडित १४ जागांवर मिथाइल कमी आढळले, चार-पाच वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलांत. जन्माच्या वेळच्या रक्तात ते बदल नव्हते. म्हणजे ही नोंद जन्मानंतरची आहे.

याच अभ्यासात तुमच्या चाचणीचंही उत्तर आहे. त्या १४ जागांवरचा फरक बराचसा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळे होता. ॲलर्जीत त्या वाढतात हे साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, कळतं. महागड्या रक्ततपासणीत फुप्फुसाच्या अस्तराची नोंद वाचल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मोजल्या जातात रक्तातल्या पेशी. आणि समजा नोंद खरीच वाचली, तरी तिच्यावरून उपचारात एक गोळीही इकडची तिकडे होणार नाही.

फॉलिक ॲसिडबद्दल कुणी घाबरवलं तर काय करायचं, हा प्रश्न गरोदर स्त्रिया मला अधूनमधून विचारतात म्हणून सांगतो. त्यातून मिथाइल मिळतात आणि बाळाला दमा होतो, अशी भीती उंदरांवरच्या २००८ च्या एका निबंधाने पसरवली. तो निबंध पुढे मागे घेतला गेला. गरोदरपणात फॉलिक ॲसिड घ्यायचंच.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की गावी आजोबांकडे गोठा आहे आणि गोठ्याने दमा जातो असं ऐकलं. यात सत्य आहे, पण अर्धं. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, दोघांचं मूळ युरोपातलं, आनुवंशिक जवळीक बरीच, राहणी साधी. आमिश मुलं लहानपणापासून घराशेजारच्या गोठ्यात वावरतात, हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण ५.२ टक्के दिलंय, हटराइटांत २१.३. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांना ॲलर्जीचा दमा होईना, हटराइट घरांतल्या धुळीने मात्र तसं संरक्षण मिळेना. कोऱ्या पाटीवर गोठ्यातले जंतू आधी लिहून गेले तर माइटला जागा उरत नाही, असं काहीसं. पुन्हा क्रमाचाच मुद्दा. तुमच्या मुलाच्या पाटीवर माइट आधीच लिहून गेलाय. आता नऊव्या वर्षी दम्याच्या मुलाला कडब्याच्या धुळीत सोडलं तर पंप घेऊन धावावं लागेल.

तेव्हा हे करा. पंप उद्यापासून पुन्हा सुरू, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, तुमच्या डॉक्टरांना विचारून. कापसाच्या गादी-उशीला चेन असलेली माइटरोधक खोळ घाला, जमत असेल तर गादीच बदला. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात. गादी उन्हात टाकायची जुनी पद्धत चांगली, पण ती झटकताना मुलगा शेजारच्या घरी असू द्या. महामार्गाकडच्या खिडक्या ट्रकांच्या वर्दळीच्या वेळी बंद आणि त्याचा पलंग मागच्या खोलीत. दिवाळीच्या साफसफाईत माळा काढायला त्याला चढवू नका. हे सगळं निदान सहा महिने सलग करा, पंधरा दिवसांत फरक शोधू नका. तळाच्या पेशी घाईत नसतात.

आणि आजीने शिवलेल्या गोधडीशिवाय त्याला झोप येत नाही, ती टाकून द्यावी का असं विचारलंय. अजिबात नको. गादी धुता येत नाही, गोधडी धुता येते. तीही आठवड्याला गरम पाण्यात घाला. आजीला सांगून जुन्या सुती लुगड्याची आणखी एक शिवून घ्या, म्हणजे एक वाळत असेल तेव्हा दुसरी पांघरता येईल.